हडंब्यावरचा ट्रॅक्टर पाणी का खातो?

दसऱ्याच्या मागेपुढे लातूर-नांदेडकडच्या शिवारांत सोयाबीनची बनीम उघडली जाते आणि ट्रॅक्टर हडंब्याला म्हणजे मळणी यंत्राला लागतात. एक खळं उरकलं की दुसरं, परतीचा पाऊस यायच्या आत जेवढं निघेल तेवढं. या कामात ट्रॅक्टर जागचा हलत नाही. पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्या धराव्या लागतात म्हणून इंजिन तासन्‌तास एकाच वेगावर ओढत राहतं आणि भोवती भुसकटाचा धुरळा उडत असतो. याच दिवसांत ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार सुरू होते: ‘गाडी पाणी खायलीय.’ पाइप बदलला, क्लिप आवळली, रेडिएटरला डाख दिला, तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. मग खळ्यावर बोअरच्या पाण्याचा कॅन ठेवलेलाच असतो. पाणी कमी झालं की ओतायचं आणि काम पुढे चालू.

हा लेख त्या कॅनबद्दल आहे. आपल्या भागात कूलंटची गळती पुन्हापुन्हा होते, त्यातल्या बऱ्याच वेळा दुरुस्ती बरोबरच झालेली असते. पण गळती चालू असताना जे पाणी ओतलं जातं, तेच पुढच्या गळतीची तयारी करून ठेवतं. पाइप बदलणाऱ्या मेकॅनिकचा त्यात दोष नसतो. ट्रॅक्टरला जे लागू आहे तेच जनरेटरला, पाण्याच्या टँकरला आणि बोअर मारायच्या गाडीवरच्या कॉम्प्रेसरच्या इंजिनालाही लागू आहे, कारण ही सगळी इंजिनं उभ्या उभ्या तापणारी आहेत.

आधी आपल्या पाण्याकडे बघू. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे सगळ्या महाराष्ट्राला आठवतं. त्या वर्षांत जिथं शक्य होतं तिथं लोकांनी बोअर घेतले, आहेत ते खोल नेले. काळ्या खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, हे घरातल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तेच पाणी इंजिनात काय करत असेल, हा विचार मात्र आपण करत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं, की कडकपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. टीडीएसला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना, ५०० आणि नाइलाज असेल तर २००० अशी सूट आहे. आता कॅटरपिलरसारखी मोठी डिझेल इंजिनं बनवणारी कंपनी कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्याला काय मर्यादा घालते बघा: कडकपणा १७०, टीडीएस ३४०, क्लोराइड फक्त ४० मिलिग्रॅम. म्हणजे माणसाला पिण्यासाठी कागदोपत्री पास झालेलं पाणीसुद्धा इंजिनासाठी नापास ठरू शकतं. ‘आम्ही पितो तेच पाणी टाकतो’ हे उत्तर मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते मनापासून दिलेलं असतं, पण इंजिनाला ते लागू पडत नाही.

एक साधा हिशेब करा. बोअरच्या पाण्याचा कडकपणा लिटरला ६०० मिलिग्रॅम धरा. झाकणातून वाफ निघून जाते म्हणून रोज २ लिटर पाणी ओतावं लागतं असं समजा. महिन्याला ६० लिटर झाले आणि त्यातून इंजिनात गेले ३६ ग्रॅम क्षार. वाफ फक्त पाणी घेऊन जाते, क्षार मागे ठेवते. ते सगळेच्या सगळे बसतात असं नाही, पण बसतात ते सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे लायनरच्या भोवती आणि हेडमध्ये, कारण चुन्याचे क्षार गरम पाण्यात कमी विरघळतात. हा थर लोखंडापेक्षा कितीतरी कमी उष्णता पाण्याकडे जाऊ देतो. मग गेजचा काटा मधोमध दिसत असतानाही हेडचा एखादा कोपरा भाजत असतो, हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर बसतो तेव्हा पाणी थंड होत नाही, दाब वाढतो आणि जो जोड सगळ्यात कमजोर असेल तो सुटतो. आज वरचा पाइप, पुढच्या आठवड्यात वॉटर पंप, त्यानंतर रेडिएटरची टाकी. मालकाला वाटतं तीन वेगवेगळे बिघाड झाले. बिघाड एकच असतो.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असतं आणि गंज रोखणारी रसायनं असतात. मराठवाड्यात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून ‘कूलंट थंड मुलखात लागतं’ असा समज पसरला आहे. आपल्याला ते लागतं गंजासाठी आणि लायनरसाठी. बऱ्याच ट्रॅक्टरांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. इंजिन चालू असताना लायनर सूक्ष्म कंप पावतो, त्याच्या अंगाला वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्यासरशी लोखंडाचा कण उडतो. कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ संरक्षक थर धरून ठेवतात. नुसत्या पाण्यावर तो थर नसतो, आणि काही हजार तासांत लायनरला बाहेरून आत सुईच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात. त्यातून पाणी ऑइलमध्ये उतरलं की कामाची किंमत एकदम इंजिन खोलण्यापर्यंत जाते. रोज थोडं थोडं पाणी ओतत गेलं की कूलंट पातळ होत होत शेवटी नुसतं पाणीच उरतं. रंग मात्र फिकट हिरवा राहतो, त्यामुळे बघणाऱ्याला ते कूलंटच वाटतं.

कुठून जातंय, हे आधी शोधा

काही बदलायच्या आधी दोन दिवस फक्त बघा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पाणी कुठवर आहे ते पाहा. बाजूची प्लास्टिकची बाटली असेल तर तिच्यावर मार्करनं रेघ मारा. मापाच्या भांड्यानंच पाणी घाला आणि तासांचा आकडा मीटरवरून वहीत लिहा. ‘रोज थोडं लागतं’ यावरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. ‘हडंब्यावर ८ तासांत दीड लिटर गेलं, पण ट्रॉलीला लावून फिरवला त्या दिवशी काहीच गेलं नाही’ या एका वाक्यात त्याचं अर्धं काम होतं. फक्त ओढीत आणि तापल्यावर जातं, म्हणजे दाबाशी संबंध आहे. उभ्या थंड गाडीतूनही जातं, म्हणजे कुठंतरी उघडी गळती आहे.

रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. थेंब पुठ्ठ्यावर कुठं पडतो यापेक्षा वर कुठून निघतो ते महत्त्वाचं, कारण पाणी पाइपाच्या कडेनं ओघळत भलतीकडेच गळतं. आपल्या जड पाण्याचा इथं एक उपयोग होतो. जिथून पाणी झिरपून वाळतं तिथं पांढरा किंवा हिरवट कडक ओघळ उमटतो. इंजिन धुवायच्या आधी टॉर्च घेऊन हे ओघळ शोधा. धुलाई झाली की खूण गेली.

मग क्रमानं हात लावा. पाइप थंड असताना दाबून पाहा. निरोगी पाइप रबरी चेंडूसारखा दबून परत येतो. क्लिपेजवळ फुगलेला, मऊ पडलेला किंवा दाबल्यावर आत कुरकुरणारा पाइप संपलेला असतो. क्लिपेच्या जागी बाइंडिंगची तार पिळून ठेवायची सवय सोडा, तार रबराला कापत जाते. नवा पाइप घालताना लोखंडी नळीच्या तोंडावरचा गंज आणि जुन्या रबराचा थर पॉलिश पेपरनं साफ करा. हे न करता नवा पाइप घातला तर पहिल्या दिवशी गळत नाही, आठवड्यानं गळतो. एकदा इंजिन तापून थंड झालं की क्लिप पुन्हा एकदा आवळा.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. कारखान्यानं ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतली सील झिजली की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर पडावं, एवढ्यासाठी. तिथून थेंब पडायला लागले म्हणजे पंपाची सील गेली. काही जण या भोकाला एम-सील लावून ते बंद करतात. गळती थांबते, पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंप जाम होऊन पंखा रेडिएटरला फाडतो. पंप दरवर्षी जात असेल तर पट्टा फार ताणलेला आहे का ते पाहा. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. पट्टा ठीक असेल तर पाण्यातला गाळ सील खातोय असं समजा.

ब्लॉकच्या अंगात ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टिकल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनात या टिकल्या आतून गंजून त्यांना बारीक भोक पडतं. एखादी सहज दिसणार नाही अशी, स्टार्टरच्या मागे वगैरे असते. एक गळू लागली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत हे लक्षात घ्या आणि सगळ्या एकदमच बदलून घ्या.

झाकणाकडे कुणी बघत नाही

पाणी कमी होतंय पण खाली एक थेंब दिसत नाही, अशी गाडी आली की पहिला संशय रेडिएटरच्या झाकणावर घ्यायला हवा. झाकणाचं काम फक्त तोंड बंद करणं नसतं. स्प्रिंगच्या जोरावर ते आत ठरावीक दाब धरून ठेवतं. मोकळ्या हवेत पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणानं ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी साधारण ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबर चिरला, स्प्रिंग ढिली पडली की हे संरक्षण जातं. मग ऐन ओढीत पाणी हेडमध्ये उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. मालक म्हणतो गळती नाही, आणि त्याचं खरंच असतं.

झाकणाला आत आणखी एक छोटी झडप असते. इंजिन थंड होताना पाणी आकसतं तेव्हा ती उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढते. ही झडप अडकली तर सकाळी खालचा पाइप चपटा झालेला दिसतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. अशा वेळी बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. म्हणून फक्त बाटली बघून समाधान मानू नका.

नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला आकडा वाचा आणि तेवढ्याच दाबाचं घ्या. पाणी उकळतंय म्हणून जास्त दाबाचं झाकण बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो वाढीव दाब जुन्या पाइपांवर आणि डाखांवरच येतो.

झाकण ठीक निघालं, की दाबाची चाचणी करून घ्या. माझ्या मते वारंवार गळणाऱ्या गाडीसाठी याहून कामाची गोष्ट नाही, आणि आपल्याकडे ती सर्वांत कमी केली जाते. हातपंपासारखं एक साधन असतं, त्याला घड्याळ असतं. ते झाकणाच्या जागी बसवायचं आणि थंड इंजिनात झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब भरायचा. मग हात बाजूला घेऊन काटा बघत बसायचं. एका गॅरेजात मी हे जवळून पाहिलं. दोनदा डाख दिलेला रेडिएटर, मालक तिसऱ्यांदा डाख द्यायला घेऊन आलेला. मेकॅनिकनं आधी दाब भरला. काटा हलेना. सगळे रेडिएटरकडे डोळे लावून बसले होते. पाच-सात मिनिटांनी काटा केसभर खाली आला, आणखी थोडा आला, आणि तरीही रेडिएटर कोरडाच. मेकॅनिकनं खाली वाकून वॉटर पंपाच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं. बोट ओलं. पंपाच्या गॅस्केटमधून पाणी झिरपत होतं आणि गरम इंजिनावर ते तिथंच वाळत होतं, म्हणून कधी थेंब दिसलाच नव्हता. चांगल्या अवस्थेतल्या गाडीत १०-१५ मिनिटं काटा जागचा हलत नाही. काटा पडतो पण बाहेर कुठंच ओल नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय.

आत जात असेल तर

ऑइलची पट्टी काढा. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल किंवा पातळी आपोआप वर आली असेल, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नका. ‘एवढं खळं उरकू द्या’ म्हणून चालवलेल्या तासाभरात बेअरिंगा जातात. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी सिलिंडरमध्ये जळतंय. तिसरी खूण: थंड इंजिनाचं झाकण काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि इंजिन सुरू करून पंख्यापासून दूर उभं राहून पाहा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, त्याचं काही नाही. पण बुडबुडे थांबतच नसतील, किंवा सुरू केल्याबरोबर पाणी उसळी मारत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट गेलं, हेडला चीर आहे किंवा लायनरला भोक आहे, यातलं एक.

गॅस्केट दर हंगामात जात असेल तर नुसतं गॅस्केट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. हेड सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेज लावून पाहिलं पाहिजे, लागल्यास फेस करून घेतलं पाहिजे. सगळे लायनर ब्लॉकच्या वर सारख्या उंचीवर आहेत का ते मोजलं पाहिजे. आणि हेडचे बोल्ट टॉर्कच्या पान्यानं, कंपनीनं दिलेल्या क्रमानं आवळले पाहिजेत. अंदाजानं, पाइप लावून आवळलेलं हेड पुन्हा गळणारच. टॉर्कचा पाना आहे का, हे काम द्यायच्या आधी विचारायला संकोच करू नका.

जुगाड आणि त्यांचे परिणाम

आपला भाग हळदीचा आहे, तेव्हा रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. हळद फुगते आणि बारीक भोक बुजवते, हे खरं. रानात अडकलात, गाडी रस्त्यापर्यंत आणायची आहे, दुसरा काही इलाज नाही, तर करा. पण भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला कळत नाही. तीच हळद रेडिएटरच्या नळ्यांत, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी जाऊन बसते. बाजारात मिळणाऱ्या गळती थांबवायच्या पावडरींचंही असंच आहे. टाकलीच असेल तर गळतीची पक्की दुरुस्ती होईल तेव्हा सगळी यंत्रणा धुऊन काढायला मेकॅनिकला आठवणीनं सांगा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा तर रिवाजच झाला आहे. साधारण ८० अंशांच्या वर उघडणारी ही झडप काढली की इंजिन थंड राहील असं वाटतं. हिवाळ्यात इंजिन मग नीट तापतच नाही, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटंच होतं. थर्मोस्टॅट उघडताना जी आडवाट बंद करतो ती उघडीच राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. थर्मोस्टॅट चांगला आहे का हे घरी कळतं. दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडा, पाणी तापवा. उकळी यायच्या बऱ्याच आधी तो उघडला पाहिजे. पातेलं मात्र स्वयंपाकाचं नको.

संडास धुवायच्या अ‍ॅसिडनं रेडिएटर साफ करणारेही भेटतात. ते अ‍ॅसिड क्षार काढतं आणि त्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं. क्षार काढायचे तर रेडिएटरसाठी मिळणारं फ्लश वापरा आणि नंतर स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा. जुन्या पितळी रेडिएटरला खोलून सळई मारून घेणं अजूनही उत्तम, नांदेडला आणि लातूरला हे काम करणारे कारागीर आहेत. एक मात्र मनात धरून चला: थर निघाला की त्यानं बुजवून ठेवलेली भोकं उघडी पडतात. धुलाईनंतर नवी गळती दिसली तर धुणाऱ्याला बोल लावू नका, ती आधीचीच असते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या रेडिएटरला डाख धरत नाही. त्याची टाकी किंवा गॅस्केट बदला, नाहीतर अख्खा रेडिएटर.

डाख पुन्हापुन्हा त्याच जागी सुटत असेल तर रेडिएटरच्या खालचे रबर तपासा. ते दबून दगड झाले असतील तर हडंब्याचा सगळा हादरा थेट रेडिएटरवर येतो. काही रुपयांच्या रबरासाठी दर हंगामात डाखाचे पैसे जातात.

भरायचं काय

कूलंट ट्रॅक्टर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं घ्या. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं याला सगळ्या कंपन्यांचा एकच नियम नाही आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली तर त्यांचा गंजविरोधी गुण मारला जातो, कधी कधी गाळही धरतो. कॅनवर काय लिहिलं आहे ते दुकानातच वाचा. काही कूलंट पाणी घालून वापरायचं असतं, काही थेट ओतायचं. थेट ओतायच्या कूलंटमध्ये वर पाणी घालणं म्हणजे पैसे देऊन पातळ माल विकत घेणं.

मिसळायचं पाणी डिस्टिल्ड हवं, बॅटरीच्या दुकानात ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून मिळतं ते. अ‍ॅसिडचा कॅन चुकून उचलू नका, लेबल वाचा. खळ्यावर डिस्टिल्ड नसेल तर जारचं आरओ पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. स्वच्छ पत्र्यावरून धरून ठेवलेलं पावसाचं पाणीही चालतं. पण यातलं कुठलंही पाणी कूलंटशिवाय एकटं ठेवू नका, शुद्ध पाणीसुद्धा लोखंड गंजवतं. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी टाळा. त्यातून चुना जातो, पण त्याच्या जागी सोडियम येतं आणि क्लोराइड होतं तसंच राहतं. खरं तर हंगामात खळ्यावरचा तो बोअरच्या पाण्याचा कॅन उचलून त्याजागी योग्य प्रमाणात मिसळलेलं कूलंट भरून ठेवलं, तरी अर्धी लढाई जिंकली. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कूलंट’ लिहा.

भरताना घाई करू नका. एकदम ओतलं की हवा अडकते आणि तासाभरात पातळी खाली जाते, मग पुन्हा गळतीचा संशय येतो. सावकाश भरा, झाकण न लावता इंजिन संथ चालू ठेवा, थर्मोस्टॅट उघडून पाणी फिरू लागलं आणि हवा निघाली की पातळी पूर्ण करून झाकण लावा. साधं कूलंट सहसा २ वर्षांनी बदलावं लागतं, तासांचा हिशेब पुस्तिकेत असतो.

खळ्यावर

ट्रॅक्टर लावताना वारा कुठून येतो ते बघा. हडंब्यातून उडणारं भुसकट ट्रॅक्टरच्या तोंडाकडे येणार नाही अशा बाजूनं लावा. सोयाबीनचं बारीक भुसकट रेडिएटरच्या जाळीवर चिकटलं की पुढून दिसत नाही, पण हवा अडते. दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून जाळी काढून झटका. हवेचा फवारा मारायचा तर पंख्याच्या बाजूनं पुढे मारा, उलट्या दिशेनं मारलं तर कचरा आणखी आत बसतो. फवारा सरळ धरा, नाहीतर पातळ पापुद्रे वाकतात. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण तुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर नवं बसवा, त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून नीट हवा ओढत नाही.

काटा लालकडे सरकला तर ओढ काढा, पीटीओ सोडा आणि इंजिन दोन-तीन मिनिटं संथ चालू द्या, मग बंद करा. पाणी संपूनच गेलं असेल तर मात्र लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. आणि गरम असताना झाकणाला हात लावू नका, गोणपाट टाकूनसुद्धा नाही. दाबाखालचं ११० अंशांचं पाणी झाकण सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. आपल्याकडे हंगामात चेहरे आणि हात भाजतात ते असेच. कुणी भाजलंच तर जखमेवर साधं वाहतं गार पाणी २० मिनिटं सोडा. त्याच्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. १०८ ला फोन करा.

शेवटी काढून टाकलेल्या जुन्या कूलंटबद्दल, कारण ट्रॅक्टर गोठ्याशेजारीच उभा असतो. यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी आहे. कुत्रं, कोंबडी, वासरू सांडलेलं कूलंट चाटतं आणि थोड्याशानं मरतं. लहान मुलांचंही तेच. रेडिएटर मोकळा करताना खाली घमेलं ठेवा, सांडलेल्यावर माती टाकून ती उचलून घ्या. जुनं कूलंट विहिरीजवळ, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही, सर्व्हिसला जाताना सेंटरवर द्या. जनावर कूलंट प्यायलं असा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि काय प्यायलंय ते सांगा, कॅन दाखवा.